बोम्मरिल्लु : बाहुल्यांच्या घरात राहायला आलेली मुलगी

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला तेलुगू प्रेमकथेशी, तीही विनोदी, काय देणंघेणं? आमचं म्हणणं उलटं आहे. बसस्थानकावर, केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर आपली पोरं मोबाइलमध्ये जे दाक्षिणात्य सिनेमे तासन्‌तास बघत बसतात, त्यांत काय आहे हे आपण विचारायचं नाही तर कोणी विचारायचं? मारामारीचे सिनेमे आज बाजूला ठेवू. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही निवडला आहे २००६ सालचा ‘बोम्मरिल्लु’. दिग्दर्शक भास्कर. सिनेमा इतका गाजला की लोक या गृहस्थांना आजही ‘बोम्मरिल्लु भास्कर’ म्हणूनच ओळखतात. नायक सिद्धार्थ, नायिका जिनिलिया, बापाच्या भूमिकेत प्रकाश राज.

आधी नावाकडे बघा. तेलुगूत बोम्म म्हणजे बाहुली आणि इल्लु म्हणजे घर. बाहुल्यांचं घर, आपल्या भाषेत भातुकलीचं घर म्हणा. नाटकाच्या अभ्यासकाला हे नाव ऐकताच इब्सेन आठवणार. १८७९ मधलं त्याचं ‘डॉल्स हाउस’, अनंत काणेकरांनी मराठीत ‘घरकुल’ म्हणून आणलेलं. त्यातली नोरा आधी वडिलांची बाहुली असते, मग नवऱ्याची, आणि शेवटी दार ओढून निघून जाते. भास्करच्या डोक्यात इब्सेन होता असा आमचा दावा नाही. पण या सिनेमातही एक मुलगी एका सजवलेल्या घरातून निघून जाते, आणि सिनेमा त्यानंतरही हसत हसत पुढे चालतो. शोकांतिकेला दार लोटून पडदा पाडता येतो. विनोदी कथेला मात्र त्या मुलीला परत आणावं लागतं, आणि तेही तिचा अपमान न करता. ते किती जमलं, हे पुढे पाहू.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अरविंद हा बांधकाम कंपनीचा मालक. सज्जन, कुटुंबवत्सल. त्याचा धाकटा मुलगा सिद्धू सिव्हिल इंजिनिअर झालेला. सिनेमा सुरू होतो समुद्रकिनारी. एक तान्हं मूल पहिली पावलं टाकतंय, बाप हात धरून आहे. निवेदक विचारतो, की लहानपणी बापानं हात धरायचाच, पण मुलगा चोवीस वर्षांचा झाला तरी? लगेच पुढे सिद्धू जगातल्या यच्चयावत बापांना शिव्या घालताना दिसतो. का, तर त्याचा बाप त्याला मागितल्यापेक्षा जास्त देतो! कपडे बापाच्या पसंतीचे, केसांची ठेवण बापाच्या पसंतीची. सिद्धूनं मनाशी दोनच गोष्टी राखून ठेवल्यात : धंदा आणि बायको मी निवडीन. मग त्याला न विचारता साखरपुडा होतो, सुब्बलक्ष्मी नावाच्या मुलीशी. आणि त्याच सुमारास त्याला भेटते हासिनी.

इथे आम्हांला कांटची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १७८४ साली प्रबोधन म्हणजे काय यावर कांटनं एक छोटा निबंध लिहिला. माणसानं स्वतःवर ओढवून घेतलेलं अज्ञानपण, म्हणजे सज्ञान न होणं, त्यातून बाहेर पडणं म्हणजे प्रबोधन, असं तो म्हणतो. पालकमंडळी आपल्या आश्रितांना कसं ठेवतात हे सांगताना त्यानं दृष्टान्त दिला आहे पांगुळगाड्याचा. आपला तोच लाकडी पांगुळगाडा, तीन चाकांचा. त्यातून बाहेर पाऊल टाकलंस तर पडशील, ही भीती पालक घालत राहतात. कांट म्हणतो, दोनचारदा पडला असता तर चालायला शिकला असता. पुढे १७९३ च्या एका निबंधात तो अजून कडक होतो. प्रजेला लेकरं समजून त्यांचं सुख कशात आहे हे स्वतःच ठरवणारं पितृवत सरकार म्हणजे कल्पना करता येईल अशी सर्वांत मोठी जुलूमशाही, असं तो सांगतो. तो बोलत होता राज्याबद्दल. घराचं काय? घरातला बाप तर खराच बाप असतो, त्याची माया खरी असते. म्हणून घरातला पेच राज्यातल्या पेचापेक्षा अवघड. दुष्टाविरुद्ध बंड करता येतं. मागितल्यापेक्षा जास्त देणाऱ्याविरुद्ध कसं करणार?

पण कांटच्या वाक्यातलं ‘स्वतःवर ओढवून घेतलेलं’ हे आपण विसरतो. दोष पालकाचा जितका, तितकाच आळशी आणि भित्र्या आश्रिताचाही. सिद्धू बाहेर बापांना शिव्या देतो आणि घरी गप्प बसतो. स्वतःच्या धंद्यासाठी बँकेचं कर्ज काढतो, तेही चोरून. असली पोरं आम्ही आयुष्यभर वर्गात पाहिली. कुठल्या शाखेला जायचं होतं म्हणून विचारलं, तर उत्तर यायचं : सर, दादांनी फॉर्म भरला. आपल्या खानदेशात बाप घरोघरी दादा असतो, आबा असतो, नाना असतो. तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात, हा एक गमतीचा योग. आणि अनीस बझमींनी या सिनेमाची हिंदी आवृत्ती केली, ‘इट्स माय लाइफ’, तिच्यात बाप झाले आपले नाना पाटेकर! ती बिचारी डब्यात पडून राहिली आणि थेट २०२० मध्ये टीव्हीवर आली. तमिळमध्ये २००८ साली ‘संतोष सुब्रमण्यम’ झाला. त्यात नायक बदलला, पण बाप तोच प्रकाश राज आणि मुलगी तीच जिनिलिया. बंगाली, उडिया आवृत्त्याही झाल्या. घराघरांतल्या पांगुळगाड्यांना प्रांतांच्या सीमा नाहीत.

आता हासिनी. नावातच हसणं आहे. इंजिनिअरिंगला शिकणारी, पण वागणं असं की शेजारचा अनोळखी माणूसही दोन मिनिटांत तिचा होतो. डोक्याला डोकं एकदा आपटलं की शिंगं येतात, म्हणून पुन्हा आपटून घ्यायचं, हा तिचा हट्ट. आपल्याकडची पोरंही हेच म्हणतात. बहुधा तिथेच आपला प्रेक्षक तिच्या पदरात पडतो. या भूमिकेवर आक्षेप आहे तो आम्हांला ठाऊक आहे. हिच्यानंतर दक्षिणेतल्या सिनेमांत बालिश, बडबड्या नायिकांचं पीक आलं. शिकलेली बाई लहान मुलासारखी वागली म्हणजे गोड, असा साचा पडला. त्या नकलांबद्दलचा आक्षेप खरा आहे. मूळ हासिनीला तो लागू करताना मात्र थांबावं. तिचा अल्लडपणा हा बुद्धीचा अभाव नव्हे. तिला मनात एक आणि ओठांवर एक असं ठेवता येत नाही, एवढंच. ती खोटं बोलू शकत नाही असंही नाही. कॉलेजची सहल आहे म्हणून बापाला फसवून ती सिद्धूच्या घरी येतेच. जमत नाही ते सतत सोंग करणं.

सिद्धूचं प्रेम उघडकीला आल्यावर अरविंद थयथयाट करत नाही. विचार करून म्हणतो, तिला आठवडाभर आपल्या घरी राहायला आण. वरवर पाहता किती उदार! पण ही परीक्षा आहे, आणि परीक्षक, प्रश्नपत्रिका, निकाल सगळं एकाच्याच हाती. हासिनी त्या घरात येते तेव्हाचे प्रसंग विनोदी आहेत. बर्गसननं १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा सिद्धान्त असा, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं, आणि ते हसू म्हणजे समाजानं दिलेली शिक्षा असते. त्या हिशोबानं आपण घड्याळासारखं घर चालवणाऱ्या अरविंदला हसायला हवं. हसत नाही. प्रकाश राजनं हा बाप असा उभा केलाय की त्याला हसणं जमतच नाही. आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही, डोळ्यांत खरी काळजी आहे. आपण हासिनीबरोबर हसतो, आणि अरविंद खोलीत आला की घरच्यांसारखेच गप्प होतो. या सिनेमाचं आकर्षण आमच्या मते तिथे आहे. प्रेक्षक दोन तास त्या घरात राहून येतो. गाणी देवी श्री प्रसादची, ती लोकांना आवडली, त्यात नवल नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

मर्माचा प्रसंग लग्नसमारंभाचा. सगळं कुटुंब लग्नाला जातं. हासिनी तिथे धमाल करते, नेमके तिचे वडील तिथे येतात, आणि सिद्धू तिला घाईघाईनं बाहेर काढतो. संकट टळतं. मग सिद्धू तिला झापतो : असं काय वागतेस? तो आवाज नीट ऐका. तो अरविंदचा आहे! ज्या गुणांवर भाळला, तेच आता त्याला अडचणीचे वाटतात. हासिनी निघून जाते ती सासऱ्याच्या जाचाला कंटाळून नव्हे. तू पूर्वीचा राहिला नाहीस आणि मला हे सोंग झेपत नाही, असं तिचं म्हणणं. प्रेमकथेत बाप आडवा येणं ही दोन हजार वर्षांची जुनी युक्ती आहे, रोमन प्रहसनांपासूनची. इथे मात्र अडथळा मुलाच्या आतच बसलेला निघतो.

आपल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचं संचालकपद काही काळ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे होतं. विचारांतल्या स्वराज्याबद्दल त्यांनी एका व्याख्यानात मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो. जी गुलामी बोचते तिचा प्रतिकार करता येतो. जी बोचेनाशी होते ती आत्म्यात उतरते. ते बोलत होते इंग्रजांच्या संस्कृतीबद्दल. पण सिद्धूचा गोंधळ हाच आहे. कपड्यांचा जाच त्याला बोचतो, म्हणून तो शिव्या देतो. बापाचा डोळा त्याच्या स्वतःच्या डोळ्यात उतरलाय, हे त्याला बोचत नाही. हासिनीला दिसतं.

याच गावात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे एक शंका येणार. श्यामच्या आईनं तरी दुसरं काय केलं? तिनंही मुलाला घडवलंच ना? बरोबर. पण पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर धाडते. का, तर त्याला पोहता यावं. उद्या पाण्यात ती बरोबर नसणार. त्या माराचा शेवट आईची गरज संपण्यात आहे. अरविंदच्या मायेला असा शेवटच नाही. मारणारी आई मोकळं करते आणि न मारणारा बाप बांधून ठेवतो, हे जरा विचित्र वाटतं, पण तसं आहे खरं.

मराठी प्रेक्षकाशी या तेलुगू परंपरेचा सर्वांत मोठा संबंध आला तो ‘वेड’मुळे. ३० डिसेंबर २०२२ ला आलेला, रितेश देशमुखचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, २०१९ च्या तेलुगू ‘मजिली’वर बेतलेला. नायिका पुन्हा जिनिलिया, मराठीतली तिची ही पहिली मुख्य भूमिका. थिएटरं भरली, अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक नाचले. आमची तक्रार नाही. अशोक सराफांना बापाच्या भूमिकेत बघणं हा आनंदच. पण जरा तुलना करा. आठवडाभर सोंग करणं जमत नाही म्हणून निघून जाणारी हासिनी तेलुगू प्रेक्षकांनी २००६ मध्ये डोक्यावर घेतली. आपण सोळा वर्षांनी त्याच नटीला डोक्यावर घेतलं ते श्रावणी म्हणून. पहिल्या प्रेमाच्या शोकात बुडालेल्या नवऱ्यावर निमूट माया करत, वाट पाहत राहणारी बायको म्हणून. तेलुगूतही ‘मजिली’ चालला, हे मान्य. पण तेलुगू घरातून उसनं आणताना आपण हसणारी मुलगी न आणता सोसणारी आणली, ही निवड बोलकी आहे. ‘कुलवधू’तली भानुमती १९४२ मध्ये घराबाहेर पडली होती. आपण तेवढे तरी पुढे असायला हवे होतो.

‘बोम्मरिल्लु’चं सगळंच आम्हांला पटतं असं नाही. सुब्बलक्ष्मीचं काय? तिचा साखरपुडा झालेला. सिद्धू तिच्या घरी जाऊन लग्न मोडायची विनंती करतो, ती माणसं मान्य करतात, संपलं. साखरपुडा मोडलेल्या मुलीचं पुढे आपल्या गावांत काय होतं, हे इथल्या बायकांना सांगायला नको. नायकाच्या स्वातंत्र्याची किंमत तिनं भरली, आणि सिनेमा तिला साधी पावतीही देत नाही. दुसरं असं, की शेवटी बोलणी होतात ती बापाबापांत. पस्तावलेला अरविंद हासिनीच्या वडिलांना समजावायला जातो. म्हणजे मुलाला मोकळीक मिळते तीही बापाच्याच शब्दानं. पांगुळगाड्याला नवीन चाकं लावली, इतकंच.

पण याच शेवटात एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी आम्ही बाकी बरंच माफ करतो. हासिनीचे वडील कनकाराव, कोटा श्रीनिवास रावांनी केलेले, ते ऐकत नाहीत. तेव्हा अरविंद सुचवतो : तुमची मुलगी आठवडाभर आमच्याकडे राहिली, आता माझा मुलगा आठवडाभर तुमच्याकडे राहील. बघा त्याला पारखून. आपल्याकडे मुलगी दाखवतात. चालून दाखव, नाव सांग, पोह्यांची बशी दे. आज आपल्याच भागात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून बाप हवालदिल आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली ८५० सुद्धा नव्हत्या. ती मुलं आता लग्नाच्या वयाला पोचायला लागली आहेत. तरीही, मुलानं मुलीच्या घरी आठवडाभर राहून दाखवावं, सकाळी लवकर उठतो का, तिच्या आईला पाणी भरून देतो का हे तिच्या घरच्यांनी बघावं, असं कुणा दादांना सुचलेलं आमच्या कानावर नाही.

सिद्धू पिशवी घेऊन कनकारावांच्या घरी राहायला जातो आणि सिनेमा तिथेच आवरतो. तो आठवडा कसा गेला, हे आम्हांला बघायला आवडलं असतं. आता प्रश्न घेऊ. पुढे बसलेल्या मुलींनी आधी विचारावं, त्यांच्या वडिलांनी नंतर.