डिचोलीचा आरसा : क्लेश आणि आत्मिक वाढ

क्लेशांनी विश्वास परिपक्व होतो, हे आमच्या प्रवचनांतील नित्याचे विधान आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौलाने क्लेशापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी जी साखळी मांडली आहे, तिचा त्यास आधार दिला जातो. परंतु ही साखळी आपोआप पुढे सरकते काय? आणि क्लेश देणारा खुद्द ख्रिस्तसभेचाच अधिकारी असेल, तर हे वचन सोसणाऱ्यास ऐकविण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांच्या कसोटीवर तपासावा असा एक लेख गोमंतकाच्या भूमीत निर्माण झाला. बिशप मातेउस दे कास्त्रो यांनी १६५३ च्या सुमारास डिचोलीहून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांस उद्देशून लिहिलेला ‘ब्राह्मणांचा आरसा’ हा तो लेख होय.

लेखकाचे चरित्र ध्यानी घेतल्याशिवाय लेखाचा न्याय करता येत नाही. दिवाडी बेटावर जन्मलेल्या कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली. ते रोमला गेले. १६२२ साली स्थापन झालेल्या धर्मप्रसार मंडळाच्या आश्रयाखाली त्यांनी अध्ययन केले, दीक्षा घेतली आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला. तथापि रोमने दिलेला अधिकार गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी मानला नाही. अखेर त्यांनी तेव्हा विजापूरकरांच्या अंमलाखाली असलेल्या डिचोलीत आपले ठाणे केले. नदीपलीकडे जन्मभूमी, आणि तेथे आपल्याच धर्माचे लोक आपणांस बिशप मानीत नाहीत, ही त्यांची व्यथा होती. ती काल्पनिक नव्हती.

म्हणूनच ‘आरसा’ या लेखाचे पहिले बळ आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. एतद्देशीय धर्मगुरूंस दुय्यम लेखून वरिष्ठ पदांपासून दूर ठेवले जाते, हे त्यात धीटपणे सांगितले आहे. ‘सोसा, त्यातच तुमचे हित आहे’ असा उपदेश करून अन्याय झाकणे, हा क्रुसाचा गैरवापर होय. ख्रिस्ताने क्रूस स्वतः उचलला; तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादून वर त्याची महती गायिली नाही. कास्त्रो यांनी मौन धरले असते तर ते अधिक पवित्र ठरले असते, असे आम्हांस वाटत नाही.

दोष आहे तो अन्यत्र. या आरशात पाहण्यास फक्त ब्राह्मणांस पाचारण केले आहे. त्याच गोव्यात, त्याच मंदिरांत, ज्यांना जातीच्या उतरंडीमुळे याहूनही खालची जागा मिळे, त्यांचा चेहरा या आरशात उमटत नाही. गोऱ्यांच्या वर्णगर्वाने घायाळ झालेला लेखक स्वतःच्या कुळगर्वाचा आधार घेतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल सांगतो की, देव आमचे सांत्वन करतो ते आम्ही इतर पीडितांचे सांत्वन करावे म्हणून. ईयोबाची स्थितीही, ग्रंथाच्या अखेरीस, त्याने आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा पालटली. स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख दिसू लागले, की ती वाढ. केवळ आपलेच दुःख दिसत राहिले, तर क्लेश कितीही खरे असोत, साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते.

तुलनेसाठी त्याच शतकातील दुसरे गोमंतकीय धर्मगुरू घ्यावेत. १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ यांनाही अधिकाराच्या याच तंट्याची झळ लागली. कानडा प्रांतात ते गोव्याच्या बाजूने, तर मातेउस यांचे आप्त बिशप टॉमास दे कास्त्रो रोमच्या बाजूने, असा पेच होता. पुढे १६८७ साली वाझ गुप्तपणे सिलोनात गेले. डच सत्तेखाली कॅथलिकांचा छळ होत असता त्यांनी तेथे सेवा केली, कँडीत हेर समजून बंदिवास भोगला आणि देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ साली ते कँडीतच वारले. २०१५ साली त्यांस संतपद मिळाले. मात्र वाझ यांचे उदाहरण पुढे करून कास्त्रो यांची तक्रार खोडून काढणे अप्रामाणिक ठरेल. वाझ ज्या ओरेटरी मंडळात होते, त्याचीही दारे गोव्यात ब्राह्मणांपुरतीच उघडी होती. एका संताच्या सोशिकतेने संस्थेचा दोष फिटत नाही.

यावरून आमच्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. क्लेशांतून वाढ होते, हे सत्य सोसणाऱ्याने स्वतःविषयी उच्चारावे. क्लेश देणाऱ्याने त्याच्याविषयी नव्हे. आणि ज्यांना अन्यायाचा डाग बसला आहे, त्यांनी आपला आरसा कोणापुढे धरला आहे व कोणास त्यातून वगळले आहे, हे तपासावे. कास्त्रो १६७७ साली दूर रोममध्ये निवर्तले. त्यांची फिर्याद आजही आमच्या धर्मप्रांतांत, दफनभूमीच्या व मानाच्या जागांच्या वादांत, निराळ्या मुखांनी ऐकू येते. ती ऐकताना रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडण्याची घाई करू नये. आधी अन्याय दूर करावा.