विश्लेषकाची सही

१३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सवरील देशव्यापी बंदी रद्द केली. बहुतेक वाचकांनी या बातमीतून एवढेच घेतले की मॅगी पुन्हा दुकानात येणार. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र तिच्यातील दुसऱ्या भागाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेने एका नमुन्यात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत १७.२ भाग असल्याचे कळवले होते. मर्यादा होती २.५ भाग. तेथून प्रकरण वाढत जाऊन जूनमध्ये बंदी आली. न्यायालयाने दोन मुख्य दोष दाखवले. कंपनीचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नव्हते, हा पहिला. दुसरा असा की, ज्या अहवालांवर बंदी आधारली होती ते आवश्यक मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांचे होते, म्हणून त्यांवर विसंबता येत नव्हते. मग मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील प्रयोगशाळांत नव्याने तपासणी झाली आणि शिसे मर्यादेच्या आत निघाले.

रासायनिक विश्लेषणाचा आकडा न्यायालयात साक्षीदारासारखा उभा राहतो. साक्षीदाराला विचारतात तेच प्रश्न त्यालाही विचारले जातात. हे मोजले कोणी? त्याला हे काम शिकवले कोणी? त्याची पात्रता तपासली कोणी? आणि तो चुकला, तर त्याला जाब विचारणार कोण? आमच्या मते आपल्या शिक्षणात आणि व्यवसायाच्या रचनेत या प्रश्नांची उत्तरे अपुरी आहेत. या लेखात आम्ही त्या अपुरेपणाची चिकित्सा करणार आहोत.

सोमलाच्या गोळ्या आणि एक संस्था

विश्लेषक हा स्वतंत्र व्यवसाय कसा बनला हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे भेसळ सर्रास चाले. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक वापरून कॉफीतील चिकोरी आणि अशा अनेक भेसळी शोधल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १८५१ पासून ते निष्कर्ष दुकानदारांच्या नावांसह छापले. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मोठा अनर्थ घडला. साखर महाग, म्हणून गोळ्या बनवणारे तीत स्वस्त पांढरी पूड मिसळत. ती पूड आणायला गेलेल्या माणसाला औषधविक्रेत्याच्या साहाय्यकाने चुकून सुमारे साडेपाच किलो सोमल दिला. त्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुमारे वीस माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली.

१८६० मध्ये भेसळविरोधी कायदा झाला, पण विश्लेषक नेमणे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते. बहुतेकांनी कोणालाच नेमले नाही. १८७२ च्या कायद्यानंतर नेमणुका वाढल्या आणि नवी अडचण पुढे आली. नेमलेल्यांपैकी कित्येक जण मुळात डॉक्टर होते. त्यांना रासायनिक विश्लेषणाचा सराव बेताचाच होता. एकाच मालाबद्दल दोन विश्लेषकांची दोन मते पडत आणि मधल्यामध्ये दुकानदार दंड भरत. १८७४ मध्ये संसदेच्या समितीने या स्थितीवर टीका केली. त्याच वर्षी विश्लेषकांनी एकत्र येऊन 'सोसायटी ऑफ पब्लिक अ‍ॅनॅलिस्ट्स' स्थापन केली. थिओफिलस रेडवुड तिचे पहिले अध्यक्ष झाले.

ही संस्था काही अंशी आत्मसंरक्षणासाठी जन्मली हे मान्य करायला हवे. टीका झाली म्हणून टीका झालेले एकत्र आले. पण पुढे त्यांनी जे केले ते दाद देण्याजोगे होते. १८७६ पासून 'द अ‍ॅनॅलिस्ट' हे नियतकालिक सुरू करून त्यांनी आपल्या पद्धती छापल्या, आणि छापलेल्या पद्धतीवर कोणालाही बोट ठेवता येते. १८७७ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्री' स्थापन झाली. पुढे तिच्या परीक्षांतून सार्वजनिक विश्लेषकाची पात्रता ठरू लागली. त्याच परंपरेतून आलेली 'मास्टरशिप इन केमिकल अ‍ॅनॅलिसिस' ही अर्हता आजही ब्रिटनमध्ये या पदासाठी लागते.

दुधाचा वाद

आपल्याकडे गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर 'फॅट' आणि 'एस.एन.एफ.' हे शब्द रोज कानांवर पडतात. फॅट म्हणजे स्निग्धांश. एस.एन.एफ. म्हणजे स्निग्धांश आणि पाणी वगळता उरणारे घन पदार्थ. या जोडीचा इतिहास विश्लेषकांच्या शिक्षणासाठी फार बोलका आहे.

नव्या संस्थेने प्रारंभी असे ठरवले की शुद्ध दुधात निदान ९ टक्के एस.एन.एफ. आणि २.५ टक्के फॅट असावे. त्या वेळी दूध आटवून कोरडे करीत आणि त्या खरपुडीतून ईथरच्या साहाय्याने स्निग्धांश काढीत. पण खरपुडीत अडकलेला थोडा स्निग्धांश ईथरला सापडतच नसे. तो मागे राही आणि एस.एन.एफ. मध्ये मोजला जाई. म्हणजे फॅट कमी दिसे आणि एस.एन.एफ. जास्त. १८८५ मध्ये अ‍ॅडम्स यांनी टिपकागदाच्या पट्टीवर दूध शोषून, पट्टी गुंडाळून व वाळवून ईथरने स्निग्धांश काढण्याची पद्धत मांडली. आता तो पुरता निघू लागला. परिणामी संस्थेला आपल्या मर्यादा बदलाव्या लागल्या: एस.एन.एफ. ८.५ टक्के, फॅट ३ टक्के. १९०१ च्या सरकारी नियमांतही हेच आकडे आले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. जुनी मर्यादा जुन्या पद्धतीपुरती ठीक होती. पण नव्या पद्धतीने दूध तपासून जुनी ९ टक्क्यांची मर्यादा लावली असती, तर निर्भेळ दूध विकणारा गवळीही दोषी ठरला असता. मर्यादा आणि पद्धत ही जोडी आहे. ती फोडली की अन्याय होतो. तक्रारीचे नमुने लंडनच्या सॉमरसेट हाऊसमधील सरकारी प्रयोगशाळेकडे जात, आणि तेथील पद्धती व कसोट्या वेगळ्या असत. साहजिकच दोन अहवाल एकमेकांना छेद देत. संस्थेचे सभासद यावर वर्षानुवर्षे चिडत राहिले. आमच्या मते त्यांची चीड रास्त असली तरी पद्धती आधी जुळवून घेण्याचे काम दोन्ही बाजूंनी फार उशिरा केले.

दोन प्रामाणिक प्रयोगशाळा

पद्धत एकच असली तरी दोन चांगल्या प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. अमेरिकेतील विल्यम हॉर्विट्झ यांनी १९८० मध्ये अनेक प्रयोगशाळांच्या सामायिक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडून एक सर्वसाधारण नियम दाखवला. मोजायचा पदार्थ जितका विरळ, तितकी प्रयोगशाळांमधील तफावत मोठी. प्रमाण शंभरात एक असेल तर सापेक्ष प्रमाण विचलन सुमारे ४ टक्के, दहा लाखांत एक असेल तर १६ टक्के, अब्जात एक असेल तर ४५ टक्के.

हा नियम शिशाच्या २.५ या मर्यादेला लावून पाहू. विचलन सुमारे १४ टक्के येते. म्हणजे नेमके २.५ शिसे असलेल्या नमुन्याला एका प्रयोगशाळेने २.२ म्हटले आणि दुसरीने २.८, तर दोघींपैकी कोणीही अप्रामाणिक ठरत नाही. मात्र १७.२ आणि मर्यादेखालचा आकडा यांतील अंतर या नियमात बसत नाही. अशा वेळी नमुना कोठून घेतला, पुडा कधी फोडला, भांडी व आम्ले शिसेविरहित होती का, कोरी चाचणी केली होती का, हे सारे पाहावे लागते. या नोंदी नसतील तर खरे उत्तर कायमचे हरवते. उपकरण कितीही महाग असो, ते ही वही लिहीत नाही. ती माणसाने लिहायची असते.

निळा खडा म्हणजे मोरचूद

मग हा माणूस आपण कसा घडवतो? महाविद्यालयांतील प्रात्यक्षिक परीक्षांना परीक्षक म्हणून जाताना आम्हांला एक दृश्य हमखास दिसते. विद्यार्थ्याला अज्ञात क्षार मिळतो. तो निळा असतो. विद्यार्थी क्षणभर पाहतो, 'कॉपर सल्फेट' असे मनात ठरवतो, आणि मग उत्तरपत्रिकेवर कोरडी चाचणी, ज्योत चाचणी, अमोनियाची चाचणी असा संपूर्ण तक्ता उतरवतो. निरीक्षणे बिनचूक, अनुमान बिनचूक, गुण पूर्ण. परीक्षानळी मात्र कोरडीच. अनुमापनातही तोच प्रकार. तीन वाचने नेमकी सारखी आली पाहिजेत असा समज असल्याने ती तशी 'आणली' जातात.

या सवयीला प्रयोगशाळांच्या जगात चाचणी न करता निकाल देणे म्हणतात आणि तो गुन्हा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अमली पदार्थ प्रयोगशाळेत हाच प्रकार २०१२ मध्ये उघड झाला. तेथील एक रसायनतज्ज्ञ अनेक नमुने केवळ डोळ्यांनी पाहून त्यांचे निकाल देत होती. तिने न्यायालयात सांगितलेली पदव्युत्तर पदवीही तिच्याकडे नव्हती. सर्वांत जास्त नमुने उरकणारी म्हणून तिचा लौकिक होता, आणि त्या आकड्याचा संशय येण्याऐवजी कौतुक झाले. २०१३ मध्ये तिला शिक्षा झाली. २०१७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले. त्यांत किती निरपराध शिक्षा भोगून आले आणि किती अपराधी सुटले, हे आता सांगता येणार नाही. त्या प्रयोगशाळेला बाहेरच्या कोणाची अधिस्वीकृती नव्हती.

आपला विद्यार्थी गुन्हेगार आहे असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्याला आपण जे शिकवले तेच तो करतो. उत्तर आधी माहीत असलेला प्रयोग आणि उत्तराला मिळणारे गुण यांतून पाहण्यापेक्षा ओळखण्याची सवय लागते. अशी पाच-सात वर्षे काढलेला पदवीधर पुढे पाणी, दूध, औषध किंवा रक्त तपासायला बसतो.

जबाबदार कोण?

व्यवसायाच्या रचनेकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि २०११ पासून अमलात आला. त्यात अन्न विश्लेषकाला पात्रता परीक्षा आहे, अहवालाला चौदा दिवसांची मुदत आहे आणि अहवाल मान्य नसेल तर निर्देश प्रयोगशाळेकडे अपील करता येते. रचना चांगली आहे. पण २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाची, म्हणजे 'एनएबीएल'ची, अधिस्वीकृती नव्हती. त्यानंतर अनेकांनी ती मिळवली, हे स्वागतार्ह आहे.

तरीही एक पोकळी उरते. अधिस्वीकृती प्रयोगशाळेला मिळते, व्यक्तीला नाही. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल आणि औषधनिर्माते यांची कायद्याने नोंद होते. गैरवर्तन केल्यास नाव नोंदवहीतून काढता येते. रसायनतज्ज्ञाची अशी नोंदवही आपल्याकडे नाही. अन्न विश्लेषकासारखी मोजकी पदे सोडली, तर पाणी, माती, खते वा कारखान्यातील कच्चा माल तपासणाऱ्या हजारो जणांची पात्रता नेमणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. विश्लेषकांच्या ज्या शास्त्रीय संस्था आहेत त्या परिषदा आणि कार्यशाळा घेतात. ते उपयुक्त आहे, पण सभासदत्व ऐच्छिक असलेली संस्था कोणाला काम थांबवायला लावू शकत नाही.

केवळ नोंदवही आणल्याने सगळे सुधारेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. जबाबदार व्यक्तीला 'हा नमुना तपासण्यायोग्य नाही' किंवा 'मला आणखी दोन दिवस हवेत' असे वरिष्ठांना सांगता आले पाहिजे. एकट्या विश्लेषकाला ते जड जाते. मागे व्यवसायाची संस्था उभी असेल तर जमते. आमच्या मते व्यावसायिक संघटनेचा खरा उपयोग हाच आहे.

वर्गात काय करता येईल?

कायदे करणे शिक्षकांच्या हाती नाही. सवयी लावणे आहे. तीन साधे उपाय सुचवतो.

पहिला. एकाच बाटलीतील व्हिनेगर वेगवेगळ्या क्रमांकांच्या चंचुपात्रांत घालून वर्गाला द्यावे. दोन पात्रे एकाच गटाला, त्याला न सांगता, वेगळ्या क्रमांकांनी द्यावीत. एका पात्रात नुसते पाणी ठेवावे. सर्वांची वाचने फळ्यावर लिहावीत आणि एकही पुसू नये. वर्गातील तफावत किती, एकाच गटाची दोन उत्तरे किती जवळ, पाण्यालाही आम्ल 'सापडले' का, यावर चर्चा करावी.

दुसरा. साध्या मिठाला निळा खाद्यरंग चोळून, वाळवून अज्ञात क्षार म्हणून द्यावे. ज्योत पिवळी येईल, अमोनिया घातल्यावर गडद निळा रंग चढणार नाही. ज्यांच्या तक्त्यात तो चढलेला असेल, त्यांना रागावू नये. तक्ता आणि परीक्षानळी शेजारी ठेवून त्यांनाच पाहू द्यावे.

तिसरा. जर्नलमध्ये खाडाखोड चालेल, पण खोडलेले वाचता आले पाहिजे आणि शेजारी कारण व विद्यार्थ्याची सही हवी, असा नियम करावा. स्वच्छ जर्नलला गुण देण्याची आपली जुनी पद्धत त्यासाठी सोडावी लागेल. पानाच्या तळाशी शिक्षकांच्या सहीआधी विद्यार्थ्याची सही असावी, आणि तिच्या वर एक ओळ: 'हे वाचन मी स्वतः घेतले.'