प्रतिमा, संदर्भ आणि निदान : मॅक्डॉनल्ड-निकषांची चिकित्सा

मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या विकारात मेंदू व मज्जारज्जू ह्यांतील तंतूंवरील मायलीनचे आवरण दाहामुळे नष्ट होते. शार्को ह्या फ्रेंच वैद्याने १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले; परंतु जिवंत रुग्णाच्या मेंदूतील विकृतीचे डाग स्पष्ट दिसू लागले ते १९८१ पासून, एम्. आर्. आय्. प्रतिमांमुळे.

तथापि डाग दिसणे वेगळे आणि त्याचा अर्थ लागणे वेगळे. असेच शुभ्र डाग अर्धशिशीत, उच्च रक्तदाबात व वार्धक्यातही आढळतात. अनेकार्थी शब्दाप्रमाणे डागाचा अर्थही संदर्भानेच निश्चित होतो. हा संदर्भ २००१ च्या मॅक्डॉनल्ड-निकषांनी नियमबद्ध केला : विकृती स्थलतः विखुरलेली हवी आणि कालतःही. २०१० च्या आवृत्तीने एकाच प्रतिमेत दोन काळ वाचण्याची सोय केली. ताजा डाग गॅडोलिनियममुळे उजळतो, जुना उजळत नाही. दोन्ही एकत्र दिसल्यास कालभेद सिद्ध होतो. ही युक्ती तर्कशुद्ध होय.

२०१७ च्या आवृत्तीविषयी तसे म्हणता येत नाही. तिने मस्तिष्क-मेरुद्रवातील विशिष्ट प्रथिनपट्टे कालभेदाच्या पुराव्याऐवजी ग्राह्य मानले. हे पट्टे मज्जासंस्थेतील प्रतिकारप्रक्रियेचे द्योतक आहेत, कालाचे नव्हेत. संज्ञा राहिली, आशय मात्र गळाला. २०२४ च्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीने कालभेदाची अट अनिवार्य ठेवली नाही. ह्यात अधिक प्रामाणिकपणा आहे. दृक्-तंत्रिकेला तिने पाचवे स्थान दिले, आणि डागाच्या मध्यातून जाणारी शीर हे लक्षणही प्रमाण मानले.

परंतु ह्याच आवृत्तीने, ठराविक पुरावे जुळल्यास, लक्षणे नसलेल्या व्यक्तीतही निदानाची मुभा दिली आहे. पूर्वी रुग्णाची कहाणी हा संदर्भ होता व प्रतिमा तिला दुजोरा देई; आता प्रतिमेचा संदर्भ पुष्कळदा प्रतिमेतच शोधावयाचा आहे. लवकर उपचार झाल्यास पुढील हानी टळू शकते, हे ह्या बदलाचे समर्थन सबळ आहे. उलटपक्षी, चुकीचे निदान निरोगी माणसाला वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या स्वाधीन करते. म्हणून हे निकष सांशंक अवस्थेतील रुग्णाचे निदान पक्के करण्यासाठी आहेत, वाटेल त्या प्रतिमेतून रोग शोधून काढण्यासाठी नव्हेत, हा भेद अध्यापनात प्रथम ठसविला पाहिजे. निकष वाक्याचे व्याकरण तपासतात. वाक्य कोणाविषयी आहे हे रुग्णालाच विचारावे लागते.