पाऊस वगळलेला गोवा

'गूगल अर्थ टाइमलॅप्स' पाहिलं नसेल तर आधी पाहून या. गोव्यातलं डिचोली शोधा आणि 1984 पासूनची वर्षं सरकू द्या. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतल्या हिरव्या डोंगरांवर लाल चट्टे उमटतात, पसरतात, एकमेकांना भिडतात. परदेशात बसलेल्या आपल्यासारख्यांना लोहखनिजाच्या खाणींचा आवाका मिनिटभरात कळतो. हे काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

यातली वर्षाची प्रतिमा म्हणजे एक फोटो नव्हे. वर्षभरातल्या अनेक उपग्रह-प्रतिमांतले ढग नसलेले तुकडे निवडून ती जुळवलेली असते. आता गोव्यावर ढग कधी असतात? जून ते सप्टेंबर. म्हणजे या चित्रफितीत पावसाळा जवळजवळ नाहीच! आणि खाणीचा त्रास गावात उतरतो तो नेमका पावसाळ्यात. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती-दगड काढून टाकावा लागतो. त्या ढिगाऱ्यांची माती पावसात वाहते, ओहोळांतून भातशेतीत शिरते, पुढे मांडवीत जाते. आपल्याला दिसतो तो नंतरचा, कोरडा, स्वच्छ उन्हातला गोवा.

दुसरी अडचण हिरव्या रंगाची. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं; पुढे ते सुरू झालं, आणि 2018 साली 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. पण ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याची पद्धत जुनीच. वरून बाभूळही हिरवी, जंगलही हिरवं. पाहणाऱ्याला वाटतं, झालं, डोंगर सावरला!

आणि पाणी? खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी सतत उपसावं लागतं, आसपासच्या विहिरी आटतात. लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा. त्यात विहीर दिसणार कशी?

ढगांपलीकडे पाहणारं रडार आहे. सेंटिनेल-1 च्या प्रतिमा मोफत मिळतात. पण त्या करड्या, दाणेदार. वाचायला शिकावं लागतं, म्हणून त्या फारशा कुणी शेअर करत नाही.

टाइमलॅप्स जरूर पाहा. फक्त 'आता सगळं हिरवं झालंय' असं कुणी म्हणालं, तर विचारा: कुठल्या महिन्यात, आणि कुठलं झाड? आणि कधी जुलैत गोव्याला गेलात, तर एक दिवस किनारा सोडून डिचोलीकडे जा. ओहोळाच्या पाण्याचा रंग बघून या.