साडूभाऊंचं गॅरेज : एक समीक्षा

अमरावतीत समीक्षक व्हायला फारसं काही लागत नाही. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन "पहिला अंक जरा लांबला, नाही?" एवढं म्हटलं, की चार माणसं वळून पाहतात. त्या पुंजीवर मी आजवर नाटकं, लग्नातल्या पंगती आणि शेजाऱ्यांची बांधकामं ह्यांची समीक्षा करीत आलो. पण खेळण्यातल्या मोटारींची समीक्षा करण्याचा प्रसंग माझ्यावर आणला तो आमच्या अकोल्याच्या साडूभाऊंनी.

साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ असला तर भांडता येतं, मेहुणा असला तर रुसता येतं. साडूशी नुसती तुलना होते. आमचे साडूभाऊ इंजिनियर होते आणि मी मास्तर, त्यामुळे ही तुलना आमच्या घरी पस्तीस वर्षं एकाच बाजूला झुकलेली आहे. निवृत्तीनंतर तरी तराजूचा काटा मधे येईल अशी मला आशा होती. पण मी निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्र दोनदा वाचू लागलो आणि साडूभाऊंनी मागच्या पडवीत गॅरेज काढलं.

हे गॅरेज म्हणजे एक जुनं टेबल, शिंप्याकडे असतो तसा वाकडा दिवा, आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात उभ्या असलेल्या चाळीस मोटारी. सगळ्या मिळून वजन तीन-चार किलोंच्या वर नसेल. मेहुणीबाईंनी दाखवताना सांगितलं, "आमच्याकडे चारचाकी चाळीस आहेत, अन् भाजी आणायला मी पायी जाते."

पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या मोटारी साडूभाऊंना वर्ज्य. त्यांना लागते ती डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात घालून काढलेली. धातूचं नाव झामॅक. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं ह्यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून ते पडलं, हे त्यांनी मला चपला काढायच्या आतच सांगितलं. ह्या धातूत शिशाचा अंश जास्त गेला, की मोटारीला आतून कीड लागते. वर्षानुवर्षं ती ठणठणीत दिसते आणि एक दिवस नुसतं बोट लावलं की भुगा होतो. युद्धापूर्वीच्या कित्येक विलायती मोटारी अशा गेल्या. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुसा अशी माणसंही माझ्या डोळ्यापुढे आली, पण साडूभाऊंना उपमा आवडत नाहीत. त्यांना माहिती आवडते.

ती त्यांच्याकडे भरपूर आहे. लंडनच्या एका कारखान्यातल्या जॅक ओडेल नावाच्या गृहस्थांच्या मुलीला, शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. बापाने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' मोटारी निघाल्या. आमच्या शाळेत हा नियम नव्हता. आमच्याकडे काड्यापेटीत मुलं जिवंत माल आणीत, म्हणून वऱ्हाडात हा उद्योग उभा राहिला नाही.

आता क्रिया. जुनी, टवके उडालेली मोटार उलटी करायची. पोटाखाली दोन रिवेट असतात, त्यांची डोकी बारीक ड्रिलने उडवायची. पोट सुटलं की चाकं, खिडक्यांचं प्लास्टिक, आतल्या बैठका वेगळ्या काढायच्या. मग उरलेल्या सांगाड्याला रंग काढायचं रसायन लावून ब्रशने घासायचं, की धातू उघडा पडतो. साच्याच्या सांध्याची रेघ कानशीने काढायची, प्रायमर द्यायचा, आणि रंगाचे पातळ पातळ हात मारायचे. एक जाड हात मारला तर दाराच्या रेघा बुजतात आणि मोटारीचं साबणवडीत रूपांतर होतं. अकोल्याला आणखी एक अडचण आहे. तिथल्या उन्हाळ्यात फवारलेला रंग मोटारीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि वर खरबरीत पूड बसते. म्हणून साडूभाऊ मे महिन्यात पहाटे पाचला उठून मोटारी रंगवतात. ऑफिसला मात्र ते अकराला पोचत असत, असं मेहुणीबाई सांगतात.

रंग ते खऱ्या मोटारी रंगवणाऱ्या एका पेंटरकडून आणतात. त्याच्याकडे मीही एकदा गेलो होतो. साडूभाऊंनी बाटलीच्या बुचात मावेल एवढा निळा मागितला. पेंटर बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, एवढा त माह्या बोटालेच लागते न धुतल्या जाते. पैशे कायचे घेऊ?" मग जरा थांबून, "पन गाडी कोनाची हाये? बसते कोन?"

ह्या दुसऱ्या प्रश्नातच सगळी समीक्षा आली असं मला आता वाटतं. पण त्या वेळी मी हसलो.

कपाटातल्या कलाकृतींचे माझ्या मते तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग, कारखान्यातून कालच निघाल्यासारख्या. ह्यांच्यात दोष काढता येत नाही, हाच दोष. एक लाल दुमजली बस इतकी निर्दोष होती, की वरमाय होऊन बसल्यासारखी दिसत होती. तिच्याशी बोलायचं धाडस होईना. दुसऱ्या वर्गात साडूभाऊंनी 'सुधारलेल्या' मोटारी येतात. चाकं मोठी, अंग खाली बसवलेलं, बाजूंनी ज्वाळा. एका बिचाऱ्या म्हाताऱ्या मोटारीला सोनेरी-जांभळा रंग देऊन त्यांनी वरातीतला बँडवाला करून टाकलं होतं. मी म्हटलं, "साडूभाऊ, हिच्या वयाचा तरी विचार करायचा." त्यांनी ते प्रशंसा म्हणून घेतलं.

तिसऱ्या वर्गात एकच वस्तू आहे आणि तिच्यापुढे मी गप्प झालो. समीक्षकाच्या आयुष्यात हे क्वचित होतं. एका जुन्या विलायती मालट्रकचा मागचा भाग कापून साडूभाऊंनी त्याच्यावर कापूस लादला होता. खरा कापूस. हंगामात जिनिंगकडे जाणारा ट्रक ज्याने पाहिला असेल त्याला सांगायला नको. दोन्ही अंगांनी कापूस असा ओघळलेला असतो, की ट्रक दिसतच नाही, पांढरी टेकडीच रस्त्याने चाललेली असते. तेच इथे तळहातावर. वरून शिवणाच्या दोऱ्याचे दोर करकचून आवळलेले. चाकांना काळी माती, तीही वावरातलीच, चाळून लावलेली. एक बाजू थोडी कलंडलेली, कारण ती कलंडतेच. हा ट्रक विलायतेत जन्मला ह्याची त्याच्या चेहऱ्यावर खूणही उरली नव्हती. चार पिढ्या बोरगाव मंजूत काढल्यासारखा तो उभा होता.

"हा सर्वांत चांगला," मी म्हणालो.

"त्याला किंमत नाही," साडूभाऊ म्हणाले. "तो कोड थ्री."

शौकिनांची ही वर्णव्यवस्था आहे. कारखान्याने जशी काढली तशी मोटार कोड वन. कारखान्याच्या परवानगीने दुसऱ्याने फेरफार केला तर कोड टू. घरच्या घरी कोणीही रंग फासला, की कोड थ्री. साडूभाऊंचा हात इतका चांगला आणि मन मात्र कोड वनकडे. स्वतःच्या उत्तम कवितेपेक्षा दुसऱ्याच्या कवितेचं शुद्धलेखन ज्याला प्रिय, अशा माणसासारखं हे आहे.

आणि अशा माणसाच्या हाती मी आमची जग्वार दिली.

ती आमच्याकडे १९७० साली आली. मामा कलकत्त्याहून मेलने बडनेऱ्याला उतरले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत होती. जग्वार ही शहरातून हिंडायची गाडी असते हे आम्हांला माहीत नव्हतं, कारण आमच्या अमरावतीत दिसायच्या त्या ॲम्बॅसेडर आणि फियाट. माझ्या माहितीत गावात जग्वार एकच, आणि ती आमच्या फडताळात. आजी तिला 'जागवार' म्हणे आणि सोमवार-मंगळवारच्या रांगेतच बसवी. मामांनी ती विलायती म्हणून सांगितली होती. पोटावर 'निकी' असं नाव होतं. विलायतेत मोटारींना मुलींची नावं ठेवतात, अशी आमची समजूत करून देण्यात आली.

निकीचं खरं गोत्र मला साडूभाऊंकडून कळलं. लिव्हरपूलच्या कारखान्यातून डिंकी टॉईज निघत. त्यांचे जुने साचे साठीच्या दशकाच्या अखेरीला कलकत्त्यात आले, साच्यातलं 'डिंकी' हे नाव मिटवून तिथे 'निकी' घातलं गेलं आणि मोटारी निघू लागल्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला. म्हणजे आमची जग्वार जन्मतःच नाव बदललेली. सासरी आल्यावर नाव बदलण्याची आपल्याकडची रीत त्या साच्यानेही पाळली.

ह्या जग्वारवर माझा आणि धाकट्या भावाचा समाईक हक्क होता. पुढे घर वाटून झालं, भांडी झाली, वडिलांचं सायकलवरचं प्रेमही वाटून झालं. जग्वार राहून गेली. ती त्याच्याकडेच होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला. नंतर कधी तरी वहिनीने ती रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. तेव्हा ती हिरवी होती, आणि जिथे हिरवी नव्हती तिथे राखाडी. पुतण्याचा मुलगा पाच वर्षांचा झाला होता. त्याला द्यावी, पण नीट करून द्यावी, म्हणून मी ती खिशात घालून मूर्तिजापूरमार्गे एस.टी.ने अकोल्याला नेली.

दीड महिन्याने साडूभाऊंनी ती परत दिली. क्रीम रंग, काचा स्वच्छ, चाकं गरगर फिरणारी. रिवेटांच्या जागी इवलेसे स्क्रू. अप्रतिम. मी म्हणालो, "पण आमची हिरवी होती."

"हिरवी कधीच नव्हती," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी वही काढली. इंजिनियरच ते. प्रत्येक मोटारीची नोंद असते. आमच्या जग्वारच्या पानावर लिहिलं होतं : 'थर १ : हिरवा, ऑइल पेंट, खिडकीचा असावा. थर २ : लाल, ब्रशचा, जाड. थर ३ : क्रीम, कारखान्याचा. तिन्ही काढले.'

हिरवा मला ठाऊक होता. वडिलांनी खिडक्या रंगवल्या तेव्हा उरलेला डबा आम्ही दोघांनी मिळून संपवला होता. पण लाल? तो मी कधी पाहिलाच नव्हता. मग एकदम लक्षात आलं. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लाकडी नंदी होता, दर वर्षी त्याला लाल रंग लागायचा आणि तो लावायचं काम धाकट्याचं. कुठल्या तरी वर्षी, बहुधा मी आजोळी असताना, त्याने उरलेला लाल जग्वारला फासला असणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिलाही नंदीच्या रांगेत ओढली असणार. नंतर मी रागावेन म्हणून बोललाच नाही. आणि पुढे माझ्याबरोबर निमूटपणे वरून हिरवा फासला! पन्नास वर्षं हे मला कळलं नाही. कळलं ते साडूभाऊंनी घासलं म्हणून. आणि कळलं तेव्हा ते सिंकमधून वाहून गेलेलं होतं.

साडूभाऊंवर ह्याबाबत टीका करायची तर पंचाईत आहे. त्यांनी घासलं नसतं तर लाल मला दिसला नसता. घासलं म्हणून तो राहिला नाही. तरीही टीका करतोच. आमच्याकडचा नंदी कोणी कधी घासला नाही. दर वर्षी त्याला नवा रंग लागतो, शिंगांना बेगड लागते, पण तो चढतो जुन्या रंगावर. आमच्या नंदीचं नाक रंगानेच सुजलं होतं. त्याला कोणी कोड थ्री म्हटलं नाही. साडूभाऊंचा शौक उलट्या दिशेने जातो. माणसांनी जेवढं लावलं तेवढं काढून, जिथे कोणाचाच हात लागला नव्हता त्या दिवसापर्यंत मोटार नेऊन ठेवायची. आणि निकीच्या बाबतीत तर तो दिवसही साच्यातलं नाव खोडूनच उजाडलेला. निदान एक कोपरा तरी, दाराखालची एक बोटभर पट्टी, तशीच ठेवायची होती. कापसाचा ट्रक करणाऱ्या हाताला एवढं सुचू नये, ह्याचं मला नवल वाटतं.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. साडूभाऊ बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुम्ही सांगायचं होतं, भाऊसाहेब. वर्क ऑर्डरमध्ये नव्हतं."

तेही खरंच होतं. मीच 'नीट करा' म्हटलं होतं.

ह्या पोळ्याला पुतण्या मुलाला घेऊन पुण्याहून आला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी अंगणात वर्तमानपत्र अंथरून नंदी रंगवायला घेतला. नातू ब्रश धरून शेजारी बसला. मी आत चहा प्यायला गेलो होतो. परत आलो तोवर नंदीचे मागचे दोन पाय आणि जग्वारचं टप लाल झालं होतं. रंग जाड, दाराच्या रेघा बुजलेल्या, एका खिडकीची काचही गेली. पुतण्याने "अरे अरे!" म्हणून हात धरला. मी म्हटलं, "राहू दे. खालून राहिलंय बघ थोडं." संध्याकाळी नंदीच्या मागे सुतळी बांधून जग्वार गल्लीतून फिरली. बोजाऱ्याचे पैसे त्याला दोन वाहनांचे मिळाले.

साडूभाऊंना अजून सांगितलेलं नाही. ते यायचे असले की आम्ही जग्वार फडताळात मागे, पंचपाळ्याच्या पलीकडे सरकवतो. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने दोघंही येताहेत, आणि काल फोनवर त्यांनी मुद्दाम विचारलं, की क्रीम रंग ऊन लागून पिवळा पडत नाही ना, आल्यावर जरा बघतो.