नोंदवहीतील व्हेर्दी

धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराचा दाखला मागावयास येणारी माणसे आपली जन्मतारीख सांगताना अगदी निःशंक असतात. आईने सांगितलेली तारीख खोटी कशी असेल? मग कपाटातून जुनी नोंदवही निघते, जीर्ण पान जपून उलगडले जाते, आणि आमच्या एखाद्या पूर्वसूरीच्या तिरप्या हस्ताक्षरात निराळीच तारीख समोर येते. काही वर्षांपूर्वी असेच एक वृद्ध गृहस्थ आले होते. नाताळच्या मध्यरात्री, मिस्साची घंटा वाजत असताना आपला जन्म झाला, असे त्यांनी आयुष्यभर मानले होते आणि नातवंडांनाही सांगितले होते. नोंदवहीत जन्म निघाला जानेवारीतला. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग हलकेच म्हणाले, "फादर, हे कळलं नसतं तरी चाललं असतं."

त्या वाक्याला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांच्याविषयीचे आधुनिक संशोधन वाचताना ते वाक्य आम्हाला वारंवार आठवत राहिले. 'ला त्राव्हियाता', 'आइदा', 'ऑथेल्लो' अशा ऑपेरांचा हा कर्ता १८१३ साली जन्मला आणि १९०१ साली निवर्तला. हयातीतच त्याच्याभोवती दंतकथांचे दाट जाळे विणले गेले होते, आणि त्यातले काही धागे त्याने स्वतःच पुरवले होते. गेल्या सहा-सात दशकांत अभ्यासकांनी ते जाळे धाग्याधाग्याने उसवले. इटलीत पार्मा येथे व्हेर्दी-अध्ययनाची संस्था १९६०च्या सुमारास उभी राहिली. १९७६ साली न्यूयॉर्क विद्यापीठात तशीच दुसरी संस्था निघाली. शिकागो विद्यापीठ आणि मिलानची रिकोर्दी ही प्रकाशनसंस्था यांनी मिळून त्यांच्या समग्र कृतींची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. तिचा पहिला खंड, 'रिगोलेत्तो', १९८३ साली प्रसिद्ध झाला. एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. गाणे कानाला गोड लागते ना, मग पुरे! आम्हीही एके काळी असेच म्हणत असू.

आरंभ नोंदवहीपासूनच करू. बुसेत्तोजवळच्या रोंकोले या खेड्यातील चर्चमध्ये ११ ऑक्टोबर १८१३ या दिवशी या बालकाचा स्नानसंस्कार झाला. धर्मगुरूंनी लॅटिनमध्ये लिहून ठेवले की बालक 'काल' जन्मले. म्हणजे १० तारीख. पण त्या काळी दिवसाची गणना कधी कधी सूर्यास्तापासून करीत, त्यामुळे ९ तारीखही संभवते. तो मुलूख तेव्हा फ्रेंचांच्या अमलाखाली असल्यामुळे सरकारदप्तरी त्याच बालकाचे नाव फ्रेंच वळणाने 'जोसेफ' असे पडले. स्वतः व्हेर्दी मात्र आईच्या शब्दावर विसंबून आपला जन्म १८१४ सालचा आहे, असे कित्येक वर्षे समजत होते. शिवाय निरक्षर शेतकऱ्याच्या पोटी जन्मून आपण वर आलो, असे सांगणे त्यांना आवडे. कागदपत्रे सांगतात की आईबाप दोघेही लहान जमीनदार व व्यापारी घराण्यांतले होते. घरी खाणावळ व दुकान होते. मोठेपणी पुसट झालेल्या बालपणाला माणूस थोडा रंग लावतो, त्यात नवल नाही. इथवर आम्हालाही नुसते कौतुक वाटते.

पुढची गोष्ट मात्र कौतुकाची नाही. १८७९ साली व्हेर्दींनी आपले प्रकाशक जूलियो रिकोर्दी यांना आपल्या तरुणपणाची कहाणी सांगितली. १८४० साली एप्रिलमध्ये मुलगा गेला, काही दिवसांतच मुलगी गेली आणि जूनमध्ये पत्नी गेली. सुमारे दोन महिन्यांत तीन शवपेट्या घराबाहेर पडल्या, आणि अशा अवस्थेत विनोदी ऑपेरा लिहिण्याचे काम अंगावर होते, अशी ती हृदयद्रावक हकिगत. पुष्कळ चरित्रकारांनी ती जशीच्या तशी उतरवली. नोंदी निराळेच सांगतात. आधी गेली ती मुलगी व्हिर्जिनिया, १२ ऑगस्ट १८३८ रोजी. मग मुलगा इचीलियो, २२ ऑक्टोबर १८३९ रोजी. पत्नी मार्गेरीता १८ जून १८४० रोजी. दोन महिने नव्हेत, तब्बल बावीस महिने. आणि मुलांच्या मृत्यूंचा क्रमही उलटा.

व्हेर्दी खोटे बोलले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. धर्मगुरू या नात्याने शोकग्रस्त घरांत आमचे जाणेयेणे असते. चाळीस वर्षांनंतर दुःखाला तारखा उरत नाहीत. सारे मृत्यू एकाच रात्री घडल्यासारखे वाटतात. स्मृतीने तीन मृत्यू एकत्र बांधले ते बहुधा सोसण्याच्या सोयीसाठी. पण नोंदीने जे परत दिले त्याचे मोल आम्हाला अधिक वाटते. पहिल्या लेकराच्या मृत्यूनंतर चौदा महिने हा पंचविशीतला बाप मिलानमध्ये आपला पहिला ऑपेरा रंगभूमीवर आणण्यासाठी धडपडत होता. दुसरे लेकरू गेले आणि महिना उलटण्याच्या आत, १७ नोव्हेंबर १८३९ रोजी, ला स्काला नाट्यगृहात त्या ऑपेराचा पडदा वर गेला. दंतकथेतले दुःख विजेसारखे कोसळते. नोंदीतले दुःख घरात बिऱ्हाड करून राहते. कोणते अधिक खरे, आणि कोणते अधिक जड, हे संसारी वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आता 'नाबुक्को'कडे वळू. ९ मार्च १८४२ रोजी ला स्काला येथे हा ऑपेरा प्रथम झाला. बाबिलोनच्या बंदिवासात खितपत पडलेले इब्री लोक मातृभूमीच्या आठवणीने गातात, ते 'वा, पेन्सिएरो' हे समूहगान आजही इटलीत राष्ट्रगीताच्या मानाने गाइले जाते. १८७९च्या कहाणीत व्हेर्दी सांगतात की निराशेच्या भरात संहिता टेबलावर फेकली, ती नेमकी या ओळींवर उघडली आणि मन पेटले. पण दहा वर्षे आधी, १८६९ साली, मिकेले लेस्सोना यांच्या पुस्तकात व्हेर्दींचीच म्हणून जी हकिगत आली आहे तीत संहिता पाच महिने कोपऱ्यात धूळ खात पडली होती आणि रचनेला आरंभ झाला तो शेवटच्या प्रवेशापासून! पुढची दंतकथा अशी की पहिल्याच प्रयोगाला ऑस्ट्रियन राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत लोकांनी या गीताला 'वन्समोअर' दिला आणि तेथून ते स्वातंत्र्यगीत झाले. फ्रांको अब्बियाती यांच्या १९५९च्या चार खंडी चरित्राने या समजुतीला आधार पुरवला. इंग्रज अभ्यासक रोजर पार्कर यांनी त्या वेळची वृत्तपत्रे तपासून पाहिली, तेव्हा तो आधार टिकला नाही. 'वन्समोअर' मिळाला होता तो दुसऱ्याच गीताला: शेवटी सारे लोक गुडघे टेकून परमेश्वराचा महिमा गातात, त्या प्रार्थनेला.

पार्करांच्या या निष्कर्षावर इटलीत पुष्कळांचा रोष झाला. आमच्या मते त्यांनी गाण्याची थोरवी हिरावून घेतली नाही, तिचा काळ नीट लावून दिला. व्हेर्दींच्या निधनानंतर महिन्याभराने, त्यांच्या व दुसऱ्या पत्नी जूसेप्पीना यांच्या शवपेट्या वृद्ध संगीतकारांसाठी त्यांनी स्वतः बांधलेल्या निवासाकडे नेण्यात आल्या. तेव्हा तोस्कानीनी यांच्या नेतृत्वाखाली आठशेहून अधिक गायकांनी हेच समूहगान गाइले. म्हणजे राष्ट्राने हे गीत एका रात्रीत उचलले नाही. ते हळूहळू, साठ वर्षांच्या आयुष्यातून आपलेसे केले. यात कमीपणा तो कसला?

संशोधनाचे सर्वांत मोठे काम आमच्या मते न्यायाचे आहे. १३ नोव्हेंबर १८६८ रोजी रॉसिनी वारले. इटलीतील प्रमुख संगीतकारांनी एकेक भाग रचून त्यांच्यासाठी मृतांची मिस्सा सिद्ध करावी आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी बोलोन्या शहरात ती एकदाच सादर व्हावी, अशी सूचना व्हेर्दींनी मांडली. तेरा जणांनी आपापले भाग पुरे केले. शेवटचा 'लिबेरा मे' हा भाग व्हेर्दींचा. पण वाद्यवृंद व गायकवृंद मिळाला नाही आणि बेत फिसकटला. व्हेर्दींनी दोष ठेवला तो आपले जुने स्नेही, वाद्यवृंद-संचालक आंजेलो मारियानी यांच्यावर. मैत्री तुटली. मारियानी १८७३ साली वारले, आणि मित्राचा घात करणारा म्हणून चरित्रांतून त्यांची बदनामी होत राहिली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रँक वॉकर यांनी पत्रामागून पत्र ताडून दाखवले की मारियानींवर फार मोठा अन्याय झाला होता. मृतांची बाजू मांडणारे कोणी उरत नाही. तेथे असा एखादा अभ्यासक उभा राहतो, हे काम आम्हाला पुण्याचे वाटते.

ती सामुदायिक मिस्सा रिकोर्दींच्या संग्रहात दडून राहिली होती. १९७०च्या सुमारास अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रोझेन यांनी तिचा छडा लावला आणि १९८८ साली स्टुटगार्ट येथे ती प्रथमच गाइली गेली. दरम्यान व्हेर्दींचा 'लिबेरा मे' वाया गेला नव्हता. कादंबरीकार मान्झोनी १८७३ साली निवर्तले, तेव्हा व्हेर्दींनी त्यांच्यासाठी संपूर्ण मिस्सा रचली. ती २२ मे १८७४ रोजी मिलानच्या संत मार्क चर्चमध्ये त्यांच्याच संचालनाखाली सादर झाली. १८६९च्या 'लिबेरा मे'मध्येच प्रलयदिनाचे भयकारी सूर आणि चिरशांतीची विनवणी हे दोन्ही होते. त्यांतूनच १८७४च्या मिस्साचा प्रारंभ घडला. 'लिबेरा मे' ही मिस्सा संपल्यावर शवपेटीपाशी म्हणावयाची प्रार्थना होय. अर्थात ही मिस्सा शेवटाकडून आरंभाकडे, शवपेटीकडून वेदीकडे रचली गेली. हे कळल्यापासून ती ऐकण्याची आमची तऱ्हाच बदलली.

या मिस्सावर जुना आक्षेप असा की हा धर्मवस्त्रे ल्यालेला ऑपेराच आहे. जर्मन वादक-संचालक फॉन ब्यूलो यांनी १८७४ साली तशी टर उडवली होती. पुढे १८९२ साली त्यांनीच व्हेर्दींची क्षमा मागितली. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनेतील नाटकी संगीताला बंदी केली, तेव्हा आक्षेपकांना बळ आले. आणि मग संशोधनाने जणू पुरावाच हाती दिला. १८६७ साली पॅरिसमध्ये झालेल्या 'डॉन कार्लोस'मधून पहिल्या प्रयोगाआधीच काही भाग कापले गेले होते. अँड्र्यू पोर्टर, रोझेन आदी अभ्यासकांनी शतकानंतर तेथील ऑपेराच्या ग्रंथालयातून ते उजेडात आणले, आणि मिस्सातील 'लाक्रिमोझा' या करुण भागाची चाल त्यांपैकी एका विलापाची असल्याचे स्पष्ट झाले. तुरुंगात मारल्या गेलेल्या पोझाच्या देहापाशी राजा फिलिप आक्रोश करतो, तो हा विलाप.

आमचे मत येथे आक्षेपकांच्या नेमके उलट आहे. राजाचा तो शोक निष्पापाचा नव्हे. ज्याच्यासाठी तो रडतो त्याच्या मृत्यूचे पाप त्याच्याच माथी आहे. 'लाक्रिमोझा' ही प्रार्थना कशाची? राखेतून उठून न्यायासनापुढे उभ्या राहणाऱ्या अपराधी माणसाची. व्हेर्दींनी रंगभूमीवरची उरलीसुरली चाल वेदीवर खपवली नाही. एका अपराध्याचे अश्रू त्यांनी सर्व अपराध्यांच्या तोंडी दिले. ते स्वतः फारसे श्रद्धावान नव्हते, हे त्यांच्या पत्नीच्या पत्रांवरून दिसते. पण पश्चात्तापाचा सूर त्यांना नेमका ठाऊक होता. हा अर्थ कापलेले कागद सापडले नसते तर कोणाच्या ध्यानात आला असता? १९९० साली रोझेन यांनी संपादिलेली या मिस्साची चिकित्सक आवृत्ती निघाली. १८७५ साली व्हेर्दींनी बाजूला सारलेला 'लिबेर स्क्रिप्तुस'चा जुना समूहगानाचा आराखडाही तीत छापला आहे. त्याच्या जागी आलेले एकल गायन शेजारी ठेवून पाहावे. कर्त्याची निवड किती अचूक होती ते तत्काळ पटते.

मात्र संशोधकही माणसेच. मेरी जेन फिलिप्स-मॅट्झ यांचे १९९३ सालचे विस्तृत चरित्र धर्मग्रामांच्या व गावांच्या दप्तरांतून अपार कष्टाने उभारलेले आहे, त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण १८५१ साली क्रेमोनाच्या अनाथालयात सोडलेली एक बालिका व्हेर्दी व जूसेप्पीना यांची असावी, असा तर्क त्या करतात, तेव्हा त्यांच्या हातून कागद सुटतो आणि कल्पना सुरू होते. इतर अभ्यासकांना तो तर्क सिद्ध झालेला वाटला नाही. आम्हालाही वाटत नाही. एक दंतकथा पाडून तिच्या जागी दुसरी उभारणे हे संशोधन नव्हे. नोंदवही जेथे मौन धरते तेथे आपणही धरावे.

ख्रिस्तसभेला ही शिस्त नवी नाही. १६४३ पासून येशूसंघीय बोलांडिस्ट विद्वानांनी संतचरित्रांतील भाकडकथा निवडून काढण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यावरही रोष ओढवला. १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्यांच्या खंडांवर बंदीही घातली. संत त्यामुळे लहान झाले नाहीत.

नाताळच्या रात्रीचा जन्म गमावून बसलेले ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी मृत्यूची नोंद करण्यापूर्वी आम्ही सहज त्यांच्या स्नानसंस्काराचे पान पुन्हा उघडले. जन्मानंतर अवघ्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा स्नानसंस्कार झाला होता, आणि समासात धर्मगुरूंनी कारण लिहिले होते: बालक अत्यवस्थ. तेवढी एक ओळ आम्ही पहिल्या वेळी वाचली नव्हती. त्या कडाक्याच्या थंडीत कोणीतरी ते मरणोन्मुख लेकरू छातीशी धरून चर्चकडे धावले होते, आणि ते लेकरू पुढे ऐंशी वर्षे जगले. नाताळच्या घंटेपेक्षा ही गोष्ट मोठी होती, आणि ती त्यांना सांगावयाची आमच्याकडून राहून गेली.