चांगल्या वागणुकीचे गुण : एका पद्धतीची तपासणी

गेल्या काही वर्षांत प्राथमिक शाळांच्या भिंतींवर एक तक्ता दिसू लागला आहे. डावीकडे मुलांची नावे, वर आठवड्याचे वार आणि मधल्या चौकटींत चांदण्या. रांगेत नीट उभा राहिला, एक चांदणी. गृहपाठ वेळेवर आणला, एक चांदणी. दहा चांदण्या झाल्या की पेन्सिल किंवा खोडरबर. कुठे चांदण्यांऐवजी चिंचोक्यांची बरणी असते, कुठे फळ्याच्या कोपऱ्यात लाल, निळ्या, हिरव्या गटांचे गुण मांडलेले असतात. जिथे प्रोजेक्टर आहे तिथे हेच काम मोबाइलवरचे अ‍ॅप करते. अमेरिकेत २०११ साली सुरू झालेले क्लासडोजो हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक गमतीदार राक्षस, आणि शिक्षकाने बोट लावले की गुण वाढल्याचा किंवा कमी झाल्याचा आवाज होतो. तोही सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा.

या पद्धतीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आणि छडी निदान कागदावर तरी वर्गाबाहेर गेली. हे उत्तमच झाले. पण दुपारच्या सुट्टीनंतरचा तास ज्यांनी घेतला आहे त्यांना माहीत आहे की छडीच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर कायद्याने दिले नव्हते. चांदणी स्वस्त आहे, कोणाला दुखवत नाही, आणि मुख्य म्हणजे तिचा परिणाम होतो. पहिल्या आठवड्यात तर जादू झाल्यासारखी वाटते. आमचे प्रश्न दोन आहेत. पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर काय होते? आणि चांदणी नेमकी कशाबद्दल दिली जाते?

कल्पना जुनीच आहे. जोसेफ लँकेस्टर याने १७९८ साली लंडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. एक शिक्षक, शेकडो मुले, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे अशी तिची रचना होती. (आपल्या वर्गातला 'मॉनिटर' याच घराण्यातला. अँड्र्यू बेल याने हीच रचना त्याआधी मद्रासच्या अनाथालयात वापरली होती, आणि मुलांना वाळूत अक्षरे गिरवायला लावण्याची रीत त्याने इथल्याच एका गावठी शाळेत पाहून उचलली होती. आपल्या डी.एड.च्या पुस्तकांत हे ठळकपणे यायला हवे.) लँकेस्टर छडीच्या विरोधात होता. चांगल्या कामाबद्दल तो मुलांना तिकिटे देई, आणि ठराविक तिकिटे जमली की खेळणी मिळत. पण याच शाळेत खोडकर मुलाला टोपलीत बसवून छताला टांगत किंवा त्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवत. चाबूक ठेवला नाही तरी लाज वाटायला लावणे सोडले नाही. तिकीट आणि टोपली एका छपराखाली सुखाने नांदत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादी मानसशास्त्राने या व्यवहाराला शास्त्रीय भाषा दिली. ज्या वर्तनानंतर हवीशी गोष्ट मिळते ते वर्तन वाढते, याला प्रबलन म्हणतात. १९६० च्या दशकात आयलॉन आणि अ‍ॅझ्रिन या संशोधकांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात याचा मोठा प्रयोग केला. स्वतःची स्वच्छता ठेवणे, स्वयंपाकघरात मदत करणे अशा कामांबद्दल रुग्णांना बिल्ले मिळत आणि बिल्ल्यांवर हव्या त्या वस्तू किंवा सवलती घेता येत. वर्षानुवर्षे निष्क्रिय बसून असलेले रुग्ण कामाला लागले. बिल्ले देणे थांबवताच काम जवळजवळ बंद पडले. संशोधकांच्या दृष्टीने हा त्यांच्या पद्धतीचा विजय होता, कारण परिणाम बिल्ल्यांमुळेच होत होता हे त्यातून सिद्ध झाले. शिक्षकाने मात्र तेच वाक्य पुन्हा एकदा वाचावे. परिणाम बिल्ल्यांमुळेच होत होता.

वर्गातला एक नेटका प्रयोग १९६९ सालचा. बॅरिश, साँडर्स व वुल्फ यांनी चौथीच्या २४ मुलांच्या वर्गात तो केला. वर्गाचे दोन संघ. परवानगीशिवाय जागा सोडली किंवा मध्येच बोलले की त्या संघापुढे फळ्यावर खूण. ज्या संघाच्या खुणा कमी तो जिंकला. दोन्ही संघ ठराविक मर्यादेच्या आत राहिले तर दोघेही जिंकले. बक्षीस काय? जेवणाच्या रांगेत पहिला मान, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ, नावापुढे चांदणी. बाजारातून काही आणावे लागत नव्हते. निरीक्षकांनी एकेका मिनिटाच्या नोंदी ठेवल्या. खेळापूर्वी सुमारे ८२ टक्के मिनिटांत कोणी ना कोणी जागा सोडून उठत असे; खेळ चालू असताना हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. मध्येच बोलण्याचे प्रमाण ९६ वरून १९ टक्क्यांवर आले. खेळ थांबवला आणि आकडे जवळजवळ पुन्हा होते तिथे गेले. दोन मुलांनी तर 'आम्ही खेळत नाही' असे जाहीर केले आणि त्यांना संघातून वेगळे काढावे लागले. प्रत्येक वर्गात असे दोघे असतातच, आणि बहुधा ज्यांच्यासाठी सारा खटाटोप करायचा तेच ते दोघे असतात.

हाच खेळ १९८५ पासून बाल्टिमोर शहरातल्या पहिलीच्या वर्गांत राबवला गेला आणि त्या मुलांचा माग ती १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत काढला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिलीत असताना जे मुलगे जास्त आक्रमक होते त्यांच्यात पुढे व्यसनांचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. हा पुरावा वजनदार आहे आणि तो बाजूला सारून टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तो कोणत्या पद्धतीचा पुरावा आहे हेही पाहावे. तिथे गुण संघाचे होते. खेळ दिवसातला ठराविक वेळच चाले. दोन्ही संघ जिंकू शकत. आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र प्रत्येक मूल एकटे उभे असते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि त्याची रिकामी चौकट पालकसभेला आलेल्या सर्वांना दिसते.

आता दुसरी बाजू. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. निवडीची अट अशी की त्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडले पाहिजे. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा व लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पेने पुन्हा टेबलावर ठेवली आणि पडद्याआडून पाहिले. बक्षिसाच्या कराराने चित्रे काढलेल्या मुलांनी आपला सुमारे ८.६ टक्के वेळ चित्रांना दिला. काहीच न मिळालेल्यांनी १६.७ टक्के, आणि अचानक बक्षीस मिळालेल्यांनी १८.१ टक्के. म्हणजे प्रशस्तिपत्राने बिघडवले नाही, सौद्याने बिघडवले. शिवाय कराराच्या गटातली चित्रे परीक्षकांना तुलनेने कमी प्रतीची वाटली.

यावर पुढे मोठा वाद झाला. १९९४ साली कॅमेरून व पियर्स यांनी ९६ अभ्यास एकत्र करून म्हटले की बक्षिसांची भीती अवाजवी आहे. १९९९ साली डेसी, कोस्टनर व रायन यांनी १२८ प्रयोगांची छाननी केली आणि उलट निष्कर्ष काढला: आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसे अंतःप्रेरणा कमी करतात, आणि लहान मुलांत हा परिणाम अधिक दिसतो. तोंडी कौतुकाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गोडी वाढते, मुलांच्या बाबतीत तसे स्पष्ट दिसत नाही. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. एका मुद्द्यावर मात्र दोन्ही बाजूंचे फारसे भांडण नाही: ज्या कामात मुळात काहीच गोडी नाही तिथे बक्षिसाने गोडी घटण्याचा प्रश्न येत नाही. बाके सरळ करणे, फळा पुसणे, डबे खाल्ल्यावर ओटा झाडणे यांसाठी चिंचोके द्या. काही बिघडणार नाही. गोष्टीचे पुस्तक वाचणे, प्रश्न विचारणे, मुंग्यांची रांग पाहत बसणे यांना चिंचोके लावताना मात्र हात आवरावा.

इथे आमच्या मुख्य तक्रारीशी आपण येतो. मराठीत 'गुण' हा शब्द मोठा फसवा आहे. सद्गुण तोही गुण आणि शंभरपैकी मिळतो तोही गुण. तक्त्यावर चांदणी लागली की मुलाला वाटते गुण अंगी आला, आणि खरे सांगायचे तर शिक्षकालाही तसेच वाटते. पण तक्ता फक्त मोजता येणारे मोजतो. अशा तक्त्यांतली कलमे वाचून पाहा: शांत बसणे, हाताची घडी, परवानगी घेऊन उठणे, गणवेश, नखे. ही बहुतेक शिक्षकाच्या सोयीची कलमे आहेत. 'माझे उत्तर चुकले हे कबूल केले', 'शेजाऱ्याला न हसता समजावून दिले', 'गुरुजींच्या विधानावर शंका काढली' अशी कलमे आम्हाला क्वचितच दिसली. आणि ती घातली तरी काय होईल? विज्ञानाच्या तासाला प्रश्नामागे एक गुण ठेवला तर प्रश्नांचा पाऊस पडेल, पण त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर विचारणाऱ्याला नकोच असेल. बी रुजल्याच्या नोंदीला गुण ठेवले तर रविवारीही, शाळा बंद असताना, अंकुराची उंची मोजल्याची नोंद वहीत सापडेल. विज्ञान शिकवणाऱ्याला हे नुकसान परवडणारे नाही. न उगवलेल्या बीची प्रामाणिक नोंद ही आपल्या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट, आणि तक्त्यावर तिला शून्य.

काही जण म्हणतील, हे चांदण्यांचे झाले; खरे पैसे दिले तर? तेही करून झाले आहे. रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतील काही शहरांतल्या शाळांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांबद्दल पैसे दिले. निकालात फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, पुस्तकावरची छोटी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर. तिथे वाचनाचे आकलन काहीसे सुधारले. फरक उघड आहे. पुस्तक वाचायचे कसे हे मुलाला ठाऊक असते. गुण वाढवायचे कसे हे ठाऊक नसते. आपल्या तक्त्यावर 'चांगले वागणे' असे कलम असेल तर ते न्यूयॉर्कच्या जातीचे. भांडण झाल्यावर काय करायचे हे ज्याला कोणी दाखवलेच नाही, त्याला चांदणीचे आमिष दाखवून काय उपयोग?

बक्षीस नाकारणारी परंपराही आपल्या जवळचीच आहे. मारिया माँटेसोरी यांनी रोममधल्या आपल्या बालगृहातला एक प्रसंग नोंदवला आहे. एका मुलाला पदक दिले होते, दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवले होते. पदकवाला कामात इतका गुंतलेला की पदक खाली पडलेले त्याला कळले नाही. बसवलेल्याने ते उचलून दाखवले, तर पहिल्याने त्याची पर्वा केली नाही; दुसऱ्यानेच ते लावून घेतले आणि समाधानाने बसून राहिला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार गुजराती-मराठी मुलखात आणला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम झाले. ताराबाईंच्या कामाचे दाखले आपण भाषणांत देतो आणि वर्गात परत येऊन चांदण्या चिकटवतो, हे जरा विचित्रच.

तरीही ज्या शिक्षकाच्या वर्गात आज साठ मुले आहेत त्याला तक्ता फाडून टाका असे आम्ही सांगणार नाही. वापरायचाच तर गटाला वापरावा, दिवसातून एखाद्या तासापुरता, आणि मिळालेली चांदणी कधीही काढून घेऊ नये. कलमे मुलांबरोबर बसून ठरवावीत. एकेकट्या मुलाचा हिशेब भिंतीवर नको, शिक्षकाच्या वहीत असू द्या. पाच आठवड्यांनी तक्ता उतरवण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

आणि आपण विज्ञानाचे शिक्षक असू तर निदान एकदा मोजून पाहू. तक्ता लावण्याआधी दोन आठवडे, रोज त्याच तासाला, वीस मिनिटे नोंद करायची: किती वेळा काम थांबवून मुलांना गप्प करावे लागले, आणि किती मुलांनी न सांगता दुसऱ्याला मदत केली. मग तक्ता असताना तेच. मग तक्ता उतरवल्यावर पुन्हा दोन आठवडे तेच. नोंद शक्यतो शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाने करावी. ज्याने तक्ता लावला त्याचे डोळे या बाबतीत भरवशाचे नसतात. वहीत एक रकाना वेगळा ठेवावा, सर्वांत कमी चांदण्या मिळालेल्या तीन मुलांसाठी, आणि त्यांच्या हजेरीची नोंद त्यातच करावी.